नियमित खातेदार

दिगंबर पोंक्ष्यांना वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदाच, बँकेचा हप्ता बुडवायचा होता आणि ते काही केल्या जमत नव्हतं. पाच तारीख उजाडली की हात आपोआप चेकबुकाकडे जायचा. कुसुमताईंनी शेवटी चेकबुक डाळींच्या डब्यामागे लपवलं. तिथूनही त्यांनी ते शोधून काढलं, स्वतःवरच चिडले आणि परत डब्यामागे ठेवून आले.

अशी वेळ येण्याचं कारण म्हणजे अभ्यासिका. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांची मुलं बसायला जागा शोधत वणवण हिंडतात हे पोंक्षे रोज बघत होते. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक हॉल भाड्याने घेतला, चाळीस टेबलं टाकली, प्रत्येक टेबलाला वेगळा दिवा दिला, एसी बसवला. कर्जासाठी राहता फ्लॅट तारण ठेवला. जामीन राहिला श्रीधर मेहेंदळे, नुकताच निवृत्त झालेला गणिताचा मास्तर आणि पहिलीपासूनचा दोस्त. तीन महिने अभ्यासिका अशी भरली, की मुलं जिन्यात नंबर लावून उभी राहायची. मग करोना आला, मुलं गावी गेली ती गेलीच. टेबलं पडत्या भावात गेली, एसी गेले. कर्ज मात्र कुठेही गेलं नाही. मुद्दल आणि व्याज मिळून ते चौदा लाखांवर ठाण मांडून बसलं आणि कुसुमताईंचं शाळेचं पेन्शन दर महिन्याला जवळजवळ सगळंच त्याच्या घशात जाऊ लागलं. घरखर्च बचतीतून चालला होता आणि बचत आता तळाला लागली होती.

अशात नाशिकचा धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, नऊ लाख मी देतो. पण एकाच अटीवर. कर्ज एका फटक्यात मिटलं पाहिजे. हप्त्यांच्या विहिरीत मी पैसे टाकणार नाही."

बँकेत एकरकमी तडजोडीची योजना होती. मार्चअखेरपर्यंत ठरलेली रक्कम एकदम भरा, बाकीचं बँक सोडून देणार, खातं बंद. पोंक्षे इस्त्रीचा शर्ट घालून मॅनेजरबाईंसमोर बसले. बाईंनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि कौतुकाने म्हणाल्या, "काका, आपलं खातं अगदी नियमित आहे. एकही हप्ता चुकलेला नाही!"

"मग सवलत मिळेल ना?"

"नाही ना. योजना थकलेल्या खात्यांसाठी आहे."

"म्हणजे जो इमानदारीत भरतो त्याने सगळे भरायचे आणि जो बुडवतो त्याला सूट?"

"योजनाच तशी आहे, काका."

"योजना करणाऱ्याचा सत्कार कुठे करायचा असेल तर कळवा. हार मी आणतो," असं म्हणून पोंक्षे उठले.

बाहेर मोटारसायकलपाशी वसुलीचा माणूस उभा होता, संपत दांगट. कात्रजच्या पलीकडच्या गावचा, धिप्पाड, पण आवाज मऊ. तो म्हणाला, "काका, तुमी भरताय हीच सगळी गोची हाय. तीन-चार हप्ते थांबा. खातं थकलं की बाई सोताहून बोलवतील. असं मी बोललो म्हणून सांगू नका कुनाला."

"आणि जामीनदाराला त्रास?"

"मी न्हाय फोन करणार. शब्द देतो."

या शब्दावर पोंक्ष्यांनी दिवाळीनंतर हप्ता थांबवला. थांबवला म्हणजे काय, स्वतःच्या मनगटाला धरून थांबवला. बँकेच्या गल्लीतून जायचं टाळण्यासाठी ते भाजीलासुद्धा लांबून जाऊ लागले. श्रीधरबरोबर सकाळी सारसबागेत फिरणं रोजचं होतं, पण त्याच्याजवळ अवाक्षर काढलं नाही. साठ वर्षांच्या मैत्रीत दोघं राजकारणावरून भांडले होते, जावयांच्या तक्रारी करून झाल्या होत्या, मूळव्याधीवरसुद्धा मोकळेपणाने बोलले होते. पैशांचा विषय मात्र कधी निघाला नव्हता. तो काढायचा नसतो असंच दोघांच्या घरी शिकवलं होतं. शिवाय आपण मुद्दाम हप्ता बुडवतोय हे श्रीधरसमोर कबूल करायचं, म्हणजे पोंक्ष्यांना मेल्याहून मेल्यासारखं वाटलं असतं.

फेब्रुवारीत बाईंनी खरंच बोलावलं. आता त्यांच्या आवाजात कौतुक नव्हतं. त्या बारा लाखांपासून सुरू झाल्या, पोंक्षे आठांपासून. पोंक्ष्यांनी आयुष्यात भाजीवालीशीसुद्धा घासाघीस केली नव्हती, ते काम कुसुमताईंचं. ते घशाला कोरड पडेपर्यंत बोलत राहिले. हॉल बंद पडल्याचे कागद दाखवले, पेन्शनचा आकडा सांगितला. दोन-तीन फेऱ्यांनंतर बाई नऊवर आल्या. पोंक्ष्यांना उठून नाचावंसं वाटलं.

"पण मंजुरी हेड ऑफिसची लागेल," बाई म्हणाल्या.

इथून खरा छळ सुरू झाला. सोमवारी गेलं की कागद वर गेलाय. गुरुवारी गेलं की वर गेलेला कागद खाली आलाय, एक सही राहिली होती. पुन्हा गेलं की साहेब ट्रेनिंगला. पुन्हा गेलं की साहेब आलेत, पण सिस्टिम बंद. वर म्हणजे नक्की कुठे, हे कुणी सांगेना. पोंक्षे घरी येऊन पंख्याखाली बसत आणि बँकेला अशा शेलक्या शिव्या घालत, की कुसुमताई खिडकी लावून घेत. रात्री मात्र त्या दोघांचं बोलणं वेगळंच असे. घर राहिलं तर स्वयंपाकघराला रंग काढू, असं कुसुमताई म्हणत. लग्न होऊन त्या याच घरात आल्या होत्या आणि शेजारच्या दोन बिऱ्हाडांची पोरं त्यांच्या ओट्यावर अभ्यास करून मोठी झाली होती. या घराबाहेर आपण कसे जगू, याची त्यांना कल्पनाच करवत नव्हती.

मार्च संपत आला तेव्हा एकदाचा बँकेतून फोन आला. भावाने पैसे तयार ठेवले होते. पोंक्षे जवळजवळ पळतच बँकेत पोहोचले. मॅनेजरबाई चक्क हसत होत्या.

"काका, अभिनंदन! आपलं खातं पुन्हा नियमित झालं."

"काय झालं?"

"सगळी थकबाकी भरली गेली, दंडव्याजासकट. आपल्या जामीनदारांनी, मेहेंदळे सरांनी. परवा स्वतः येऊन भरून गेले. असे जामीनदार हल्ली बघायला मिळत नाहीत."

पोंक्ष्यांना आधी काही कळेचना. मग सगळं एकदम कळलं.

"पण त्यांना सांगितलं कोणी?"

"नोटीस सिस्टिममधून आपोआप जाते ना, जामीनदाराला."

"आणि नऊ लाखांची मंजुरी?"

"ती आली होती आजच. पण नियमित खात्याला ती लागू होत नाही. कॉम्प्युटर घेतच नाही हो."

"त्यांचे पैसे परत करा त्यांना. आत्ताच्या आत्ता."

"भरलेले कर्जाचे पैसे परत कसे देणार? काका, हप्ता भरला गेला म्हणून तक्रार करणारे तुम्ही पहिलेच."

"पुन्हा थकवतो. आजपासून एक पै भरत नाही."

"योजना या आठवड्यात संपतेय," बाई हळू आवाजात म्हणाल्या. या खेपेला त्यांनाही वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी न मागता पाणी मागवलं.

पोंक्ष्यांनी पाणी घेतलं नाही. रस्त्यावर आल्यावर त्यांचा राग बँकेवरून उडून थेट श्रीधरवर जाऊन बसला. विचारायचं तरी एकदा! साठ वर्षांत एक प्रश्न विचारता येऊ नये? आला मोठा कर्ण! मेहेंदळ्यांच्या बिल्डिंगचे जिने ते दोन-दोन पायऱ्या टाकत चढले. काय काय बोलायचं ते सगळं ओठांवर तयार होतं.

दार उघडायला श्रीधरला वेळ लागला. भिंतीला धरत, उजवा गुडघा ओढत तो आला. तेव्हा पोंक्ष्यांना आठवलं, की गुढीपाडवा झाला की याचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं.

"बस. आमची ही देवळात गेलीय. चहा मीच टाकतो."

"गुडघ्याची तारीख काय मिळाली?" पोंक्ष्यांच्या तोंडून दुसरंच निघालं.

"पुढे ढकलली. डॉक्टर म्हणतात, थांबलं तरी चालतंय." श्रीधरने गॅस पेटवला आणि पाठमोराच म्हणाला, "तू बँकेत जाऊन आलास वाटतं."

"तू पैसे भरलेस."

"जामीन आहे मी. सही केली तेव्हा वाचून केली होती. मास्तर माणूस, न वाचता सही करत नाही."

"मला विचारायचंस तरी!"

"काय विचारायचं? दिगू, तू एक हप्ता चुकवणारा माणूस नाहीस. चार चुकले म्हणजे घरात दाणा नसणार, हे कळायला मला गणित लागत नाही. आणि तू सांगणार नाहीस हेही माहीत होतं." तो वळला. त्याचे डोळे भरले होते आणि ते लपवण्याच्या भानगडीत तो पडला नाही. "नोटिशीवर तुझं नाव आणि खाली थकबाकीदार असं छापलेलं. मला नाही बघवलं रे. झालं ना आता सगळं नीट? घर वाचलं ना?"

पोंक्ष्यांच्या ओठांवर तयार असलेलं सगळं जिथल्या तिथे राहिलं. त्या दुखऱ्या गुडघ्याकडे बघत ते म्हणाले, "हो. वाचलं."

चहा फार गोड झाला होता. त्यांनी तो सगळा प्यायला.

नऊ लाखांत कर्ज मिटणार नव्हतं, म्हणून भावाचे पैसे आलेच नाहीत. घर जून महिन्यात विकलं. बँकेचं उरलेलं कर्ज फेडलं, श्रीधरने भरलेले दीड लाख "अभ्यासिकेचं डिपॉझिट परत आलं" असं सांगून त्याच्या हातात कोंबले आणि उरलेल्यात कात्रजला चौथ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. बँकेने घरी एक पत्र पाठवलं. नियमित परतफेडीबद्दल आपले आभार, असं त्यात होतं. पोंक्ष्यांनी ते कुसुमताईंना वाचून दाखवलं आणि पोळीचा डबा गुंडाळायला वापरलं.

सामानाचा टेम्पो भरला त्या दिवशी श्रीधर नव्या गुडघ्यावर, काठी टेकत आला. शेजारच्या बिऱ्हाडातल्या बायका कुसुमताईंना धरून रडत होत्या.

"कर्ज नीट मार्गी लागलं होतं, दिगू. मग घर कशाला विकलंस?" त्याने विचारलं. साठ वर्षांत पैशांबद्दल त्याने विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता.

पोंक्ष्यांनी टेम्पोची दोरी पुन्हा एकदा आवळून पाहिली. ती आधीच घट्ट होती.

"कुसुमला पेठेतली धूळ सोसत नाही," ते म्हणाले. "कात्रजला हवा चांगली आहे म्हणतात."

कुसुमताईंनी ते ऐकलं. त्यांनी डोळे पुसले, श्रीधरकडे बघितलं आणि दोनदा खोकल्या.