उतरत्या खांद्याचा फर्मा

मित्रांनो, अंबरनाथ पश्चिमेतील एका छोट्या घरात, दाराआडच्या खिळ्याला लटकलेला मी एक जुना फर्मा आहे. ब्लाउजचे कापड कापण्यापूर्वी ज्याच्या कडेने खडू फिरवतात, तो खाकी पुठ्ठ्याचा आकार म्हणजे मी. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरता आहे. हे व्यंग नव्हे. माझा जन्मच त्यासाठी झाला.

माझी जननी रंजनाताई. त्यांच्याकडे शिवण शिकायला काशी येत असे. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये जीन्सचे गठ्ठे वाहून वाहून तिचा उजवा खांदा खचला होता. कोणताही ब्लाउज तिला नीट बसेना. ताईंनी तिच्या मापाने मला कापले आणि माझ्या कोपऱ्यात आपले नाव लिहिले. पहिला ब्लाउज घालून काशी आरशासमोर म्हणाली, "ताई, आज पदर न ओढता उभी राहिले बघा!"

पुढे गठ्ठे वाहणाऱ्या कितीतरी भगिनी मला उसना नेऊ लागल्या. माझ्या कडा झिजल्या. तेव्हा ताईंच्या कन्येने, प्रतिभाने, माझे छायाचित्र इंटरनेटवर ठेवले व खाली लिहिले, 'कुणीही विनामूल्य वापरा, फक्त नाव राहू द्या.'

एके दिवशी काशी वांगणीकडच्या आवडीला घेऊन आली. तीही गठ्ठेच वाहणारी. लेकीच्या हळदीसाठी शिवलेला ब्लाउज तिने अंगात घालून दाखवला. उजवी बाही दंडावर ओघळत होती.

"काशी बोलली, फर्मा मोबाइलात हाय. म्हनून त्याच्यावरनं कापला," आवडी रडवेली झाली. "परवा हळद हाय, ताय. चारचौघींत काय घालू?"

ताईंनी आवडीच्या मोबाइलातला फर्मा पाहिला. तो मीच होतो; परंतु खांदे समान केलेले, नाव नाहीसे. वर बदलापूरच्या कुण्या मनालीच्या शिवणवर्गाचा शिक्का आणि फोन नंबर.

"फुकट वाटत बस अजून!" प्रतिभा कडाडली. "आपला फोटो डिलीटच मारते. पाहिजे त्याने पैसे टाकावे."

खिळ्यावर मी शहारलो. माझा पुठ्ठा आज ना उद्या तुटणारच. मग त्या चित्रावाचून माझे काय उरले असते?

"थांब. आधी तिला फोन लाव," ताई म्हणाल्या.

मनाली भांबावली. "मॅडम, मला वाटलं खांदा चुकून वाकडा आलाय, म्हणून सरळ केला. नाव फोटो कापताना गेलं. पण नेटवरचं सगळ्यांचंच असतं ना?"

"सगळ्यांचंच आहे गं. मीच दिलंय. पण तो उतार गठ्ठे वाहणाऱ्या आवडीसारखींसाठी मुद्दाम दिलाय. नावच नसेल, तर ब्लाउज फसल्यावर तिनं विचारायचं कुणाला?"

मनालीचा आवाज खाली आला, "सॉरी, ताई. आत्ता बदलते."

ताईंनी आवडीचा खांदा उसवला, उतार दिला, काखेकडचा मुंढा खोल केला. आवडीने आरशात पाहिले आणि खांद्यावर ओढून धरलेला पदर हळूच सोडून दिला.

प्रतिभाने माझे चित्र इंटरनेटवरून हटवले नाही. ताईंचे नाव मात्र तिने कोपऱ्यातून उचलून माझ्या छातीच्या मधोमध आणले.

मित्रांनो, मला अवश्य न्या, कापा, हवा तसा बदला. केवळ एवढीच विनवणी आहे: माझा खांदा वाकडा दिसला, तर तो सरळ करण्याआधी माझ्यावरचे नाव वाचा, आणि ताईंना एकदा विचारा.