मॉर्मन सुनेच्या घरचा चहा

सन चौऱ्याऐंशीच्या सुमारास नाशिकरोडला मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची सारी मिळून सात-आठ घरं होती. त्यामुळे कोणाच्या घरात काय शिजतंय, हे देवाच्याही आधी त्यांतल्या लताबाईंना कळायचं. दारू, तंबाखू वर्ज्य, हे कोणाला फारसं जड गेलं नव्हतं. पण या धर्मात चहाही वर्ज्य! जिथे पाहुण्याला चहा विचारला नाही तर तो जन्मभर नाव ठेवतो, तिथे हे पाळायचं म्हणजे गंमत नव्हती.

यशोदाने मात्र पाळलं. बाप्तिस्मा झाल्यावर पहिले काही दिवस डोकं ठणकलं, नवऱ्यावर, निवृत्तीवर, उगाच खेकसली, पण थेंब घेतला नाही. रविवारी मुलांचा वर्ग तिच्याकडे होता. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला ती पोरं ‘टीचर’ म्हणायची. त्या एका शब्दावर तिचा आठवडा जायचा.

आणि सटाण्याहून सासूबाई आल्या. चतुराबाईंनी पिशवी ठेवली आणि जाहीर केलं, “तुमना देव तुमले लखलाभ. माले दोन टाइम चहा लागस.”

या मंडळीत बायकांनी जोडीने महिन्यातून एकदा एकमेकींकडे विचारपूस करायला जायची पद्धत होती. लताबाई आणि सखुबाई आल्या. लताबाई उंबऱ्यातच वास घेत थबकल्या.

“आलं घातलंय,” त्या म्हणाल्या. “आणि उकळलाय जास्त.”

“सासूबाईंचा आहे,” यशोदा म्हणाली.

“हो का!”

त्या ‘हो का’ने नाशिकरोडभर फेरी मारली. सासूचं निमित्त, सूनच पिते, असं ठरूनही गेलं. आठवड्याने मंडळीचे प्रमुख ब्रदर धोंडीराम यशोदाला बाजूला घेऊन म्हणाले, “सिस्टर, मुलांचा वर्ग काही दिवस लताबाई बघतील. पोरांसमोर बरं दिसत नाही.”

यशोदा घरी येऊन ढसाढसा रडली. “पीत नाही याचा पुरावा कुठून आणू?” तिने निवृत्तीला विचारलं. खाटेवरच्या चतुराबाई कपात बघत होत्या.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांचा उपास असे, आणि सभेत कोणीही उठून आपल्या श्रद्धेची साक्ष द्यावी असा रिवाज होता. रिकाम्या पोटी लोक फार लांबण लावत. लताबाई घरातल्या पावित्र्यावर बोलून बसल्या, तशा सुनेबरोबर आलेल्या चतुराबाई काठी टेकत उभ्या राहिल्या.

“तुमना धरमनं माले काही समजत नही. पन मनी सून चहा पित नही. पिती तर असा करती का? कधी साखर दोनदा, एक दिन तर मीठ! चाखतच नही ना! असा चहा दुश्मनलेबी नको.”

कोणीतरी फिस्सकन हसलं.

“आन् ही बाई उंबऱ्यातूनच सांगे, आलं शे, उकळना जास्त. एकदम बरोबर! आते तुम्हीच सांगा, या दोन्ही बायासमा चहा कोनले समजस?”

उपाशी सभा पोट धरून हसली. ब्रदर धोंडीरामांनी रुमाल तोंडाला लावला. लताबाई लालबुंद झाल्या. “माहेरी आमचं चहाचं हॉटेल होतं,” त्या कशाबशा म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

यशोदाला आनंद झाला, खोटं कशाला बोला! हीच घडी ती आठवडाभर मागत होती. पण ते डोळे बघून तिला आपलं ठणकणारं डोकं आठवलं. या बाईचा चहा अजून सुटलेला नाही, फक्त बंद झालाय, हे तिला कळलं.

ती उठली. “माझा वर्ग मला परत द्या,” ती ठणकावून म्हणाली. “आणि सासूबाई आहेत तोवर लताबाईंनी चहाच्या वेळेला आमच्याकडे यावं. चाखायचं नाही. नुसतं उभं राहायचं.”

ब्रदर धोंडीरामांना यात पाप सापडेना. त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्याच दिवशी लताबाई यशोदाच्या स्टोव्हपाशी डोळे मिटून उभ्या होत्या. “थांब... थांब अजून... उतरव!”

चतुराबाईंनी घोट घेतला आणि सटाणा सोडल्यापासून पहिल्यांदाच नाव ठेवलं नाही. यशोदा कप धुवायला वळली. मागे लताबाई रिकाम्या पातेल्यावर वाकून शेवटची वाफ छातीभर ओढून घेत होत्या. यशोदाने ते पाहिलं, आणि नाशिकरोडला कोणालाच सांगितलं नाही.