शनिवारचे खड्डे

मी जोतिराम, चिंचोळी एमआयडीसीत ई-कोटच्या लाईनीचा मुकादम. माझ्या लाईनीवर कुणाची मस्ती मला खपत न्हाय, हे आधीच सांगून ठेवतो. म्हंजी पुढचं ऐकताना तुमाला जरा जास्त मजा येईल.

काम तसं सरळ हाय. ट्रॅक्टरचे लोखंडी ब्रॅकेट हुकाला टांगायचे, धुऊन त्यांचा ओशटपणा काढायचा, मग काळ्या रंगाच्या हौदात बुडवून करंट सोडायचा. करंटनं रंग असा चिकटतो की कानाकोपरा सुटत न्हाय. शेवटी भट्टीत भाजायचं. पण धुतल्यावर तेलाचं बोट जरी लागलं, तर तितनं रंग बाजूला सरतो आन् खड्डा पडतो. गंज मग त्या खड्ड्यातच घर करतो.

तर तीन हप्ते माल खड्डे पडून निघाला. आन् तो बी फक्त शनिवारचा! गिऱ्हाइकानं सगळा परत धाडला. आमचे मॅनेजर चनबसप्पा साहेब म्हणाले, "जोतिराम, कारण शोधा. मला कारण पाहिजे."

मी शोधलं की! धुतलेला माल हौदाकडं सरकवायला गोजाबाई होती, सहा वर्षं कंत्राटावर. ही बाई शुक्रवारी डोक्यावरनं न्हाती आन् शनिवारी चापून तेल लावून येती. अजून काय पुरावा पाहिजे? सगळ्यांम्होरं ओरडलो, "गोजाबाई, तुमच्या वेणीनं कंपनी बुडवली!"

"भाऊ, मी डोक्याला टोपी घालते, हातमोजे घालते," ती म्हणाली. "तुमी घालता का?"

"मुकादमाला लागत न्हाईत! मोज्यातनं मालाचा अंदाज येत न्हाय."

लगेच तिला पॅकिंगला टाकलं. येत्या सोमवारी पर्मनंटची यादी लागणार होती. साहेबांनी तिच्या नावावर पेन्सिलीनं गोल केला आन् म्हणाले, "खड्डे हिच्यामुळंच असतील तर कशी घ्यायची?" सहा वर्षं त्या एका कागदाची वाट बघितलेली बाई. रडली न्हाय, भांडली न्हाय, खोक्याला चिकटपट्टी लावत बसली. मला तवा वाटलं, खरं असल्याबिगर माणूस एवढं गप बसत न्हाय.

शनिवार उजाडला. गोजाबाई पॅकिंगला, लाईनीपासून शंभर पावलं लांब. दुपारी लॅबचा सोमेश सहा ब्रॅकेट घेऊन आला. सहाच्या सहा खड्डेवाले! माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार.

गोजाबाईनं पॅकिंगवरनं येऊन ते सहाही टेबलावर ओळीनं मांडले आन् साहेबांना बोलावलं. "बघा की साहेब. दरेकावर चार चार खड्डे हायत. तीन सरळ रांगेत, चौथा जरा वाकडा. ही बोटं हायत. कुणीतरी धुतलेल्या मालावर हात ठेवतंय."

"मग लावा सगळ्यांचे हात!" मीच गरजलो. "कुणाची हाय ती भानगड आत्ता कळंल!"

लाईन लागली. एकेक जण पंजा ठेवून बघायला लागला. कुणाचा मोठा, कुणाचा बारका, वाकड्या खड्ड्यावर कुणाचंच बोट बसंना. मी नीट बघायला वाकलो आन् नजर माझ्याच करंगळीवर गेली. जेऊरला शाळेत कबड्डी खेळताना माझी करंगळी मोडली होती. तवापासनं ती वाकडीच हाय.

आता सांगतोच. माल हौदात जायच्या आधी दरेक ब्रॅकेटवर थाप मारून 'जय बजरंगबली' म्हणायची माझी सवय. आन् गेल्या महिन्यापासनं शनिवारी सकाळी जुळे सोलापुरातनं निघताना मारुतीला तेल घालतो, हातानं चोळतो. देवाचं तेल कुणी धुतं व्हय?

हात गपकन खिशात घातला. मुकादमाला हात लाव म्हणायची कुणाची छाती न्हवती.

"कुणाचाच बसत नाही," साहेब म्हणाले. "मग यादीचं काय करायचं?"

गोजाबाईनं नुसतं माझ्या खिशाकडं बघितलं. खिशाला तेलाचा ह्यो एवढा डाग पडला होता. तिला सगळं कळलं होतं, तरी बी तोंड उघडंना. म्हंजी त्या आठवड्यात गप बसली ती बी खरी होती म्हणूनच! लाजंनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात भाईर काढला आन् ब्रॅकेटवर ठेवला. माप घेऊन शिवल्यागत बसला.

सोमेश खो खो हसत सुटला. साहेबांनी माझ्या पंज्याचा वास घेतला.

"अरे, धुऊन तरी यायचं!"

"देवाचं तेल धुवायचं नसतं साहेब, अंगात जिरवायचं असतं."

"जिरलं की," गोजाबाई म्हणाली. "ट्रॅक्टरात."

"गोजाबाई, चुकलो," मी म्हणालो. सगळ्यांम्होरं, ओरडलो होतो तेवढ्याच मोठ्यानं.

सोमवारी यादीत तिचं नाव पहिलं होतं. साहेबांनी तिला नवीन काम बी दिलं. आता लाईनीच्या दारात उभी राहून ती आत जाणाऱ्या दरेकाचे हात तपासती. मी मारुतीला शनिवारी संध्याकाळी, सुट्टी झाल्यावर तेल घालतो. तरी बी साबण घेऊन ती माझीच वाट अडवती.

"भाऊ, हात."

"अवो बाई, आज बुधवार हाय!"

"व्हय," ती म्हणती. "पण बोटं तीच हायत की."