निरोगी दात्याचा नमुना

"लोकांच्या सुना डबा भरून देतात. आमची सून डबा भरून मागते, आणि तोही कसला!" संडासाच्या दाराआडून सासूबाई पुटपुटत होत्या.

"आई, झाकण घट्ट लावा हं. हवा लागली की मरतात बिचारे."

"इतकी वर्षं पोटात सांभाळलं, आता बाहेर आल्यावरही मीच सांभाळू?"

सूनबाई हसली खरी, पण त्या डब्याची तिला खरंच निकड होती. आतड्यातला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवायचा आणि धान्याच्या कोंड्यापासून तो कोणतं आम्ल बनवतो ते बघायचं, हे तिचं काम. जीव असा नाजूक की सगळं काचेच्या हवाबंद पेटीत, पेटीलाच जोडलेल्या जाड रबरी हातमोज्यांत हात घालून करायचं. पण 'निरोगी दाता' अशी चिठ्ठी डकवलेल्या शौचाच्या नमुन्यातून तो काही केल्या उगवेना. दाता खुद्द प्रयोगशाळेचे प्रमुख, सर. रोज धावणारे, उकडलेलं खाणारे, आणि दोन्ही सगळ्यांना ऐकवणारे. "तुझ्या हातून हवा शिरते," ते म्हणाले होते. "अजून एकदा बघ, नाहीतर पेटी दुसऱ्याला देतो."

मग तिने सरांचा ताजा नमुना आणि सासूबाईंचा, दोन्ही एकाच पेटीत, त्या जंतूलाच तेवढं रुचेल अशा खाद्यात सोडले. काही दिवसांनी सासूबाईंची बाटली झकास गढूळ झाली; उघडली तर खवट लोण्याचा वास, म्हणजे हवं ते आम्ल हजर. सरांची बाटली मात्र नितळ पाण्यासारखी.

"हवा शिरली," सर आल्या आल्या म्हणाले.

"शिरली असती तर खाद्यातला रंग गुलाबी झाला असता, सर. दोन्हीकडे गुलाबीचा मागमूस नाही."

"मग नमुना शिळा असेल."

"आपणच त्या दिवशी सकाळी हातात दिलात. गरम होता."

शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने खोकून तिला इशारा दिला. बाकीचे एकदम आपापल्या कामात बुडून गेले. घोळ कुठे आहे हे प्रत्येकाला कधीच कळून चुकलं होतं, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणी तयार नव्हतं.

"तुझं म्हणणं तरी काय?" सरांचा आवाज चढला. "माझ्यात खोट आहे?"

तिने मोज्यांतून हात बाहेर काढले. घामेजलेले, सुरकुतलेले. ते कोटाला पुसले आणि मान वर केली.

"पेटी मी सोडणार नाही, सर. माझ्या हातांत काही दोष नाही. तो जंतू तुमच्या पोटातच नाही."