आठ सिलिंडरचं पारणं

हत्ती राजानं पोसावा. मंगरूळपीरच्या किराणा दुकानदारानं पोसला तर लोक हसणारच. कैलासचंदला अख्खा बाजार हसत होता. अकोल्याच्या कापसाच्या एका जिनवाल्याची आठ सिलिंडरची अमेरिकन मोटार त्यानं मोठ्या हौसेनं आणली, आणि वर्षाच्या आत पेट्रोलचे भाव असे भडकले की गाडी नुसती दारात उभी. गल्लीतली पोरं तिच्या चकचकीत पत्र्यात तोंड पाहून भांग पाडत.

"विकून टाका जी," त्याची बायको हीराबाई रोज म्हणायची. "तिच्या पेट्रोलात सारं घर वर्षभर यष्टीनं हिंडन."

भादव्यात कैलासचंदला संधी मिळाली. त्याच्या आईनं, अंगुरीबाईनं, तीन दिवसांचा निर्जळी उपास केला होता. शिरपूरला देवाचं दर्शन झाल्यावरच पारणं, तोवर पाण्याचा थेंबही नाही, असा तिचा नेम. त्यात दिवस मावळल्यावर ही जैन मंडळी तोंडात काही घालत नाहीत. उशीर झाला तर म्हातारी आणखी एक रात्र कोरडी राहणार.

"सकाळच्या यष्टीनं जाऊ," हीराबाई म्हणाली.

"यष्टी कायले? मी दोन घंट्यात पोचवतो मायले! मंग सांग मले, गाडी कामाची का नाही ते."

घ्या! वाशीमच्या पंपावर टँकरच आला नव्हता. तो येऊन टाकी भरेतो तिथंच दुपार कलली. पण पुढं सडक मोकळी लागली आणि ड्रायव्हर इस्माईलनं गाडी जी सोडली! काय तो जोर, काय तो घुमारा! अंगुरीबाईचा पदर उडाला. सुकल्या ओठांनी ती चक्क हसली.

"कैलास, लय छान वारा लागून राह्यला रे."

कैलासचंदचे सारे पैसे तिथंच वसूल झाले.

शिरपूर दोन कोसांवर राहिलं आणि नाला आडवा आला. गाडीचं पोट खाली लोंबणारं. चिखलात बसली ती बसलीच. आठही सिलिंडर बोंबलले, चाकं जागच्या जागी फिरली, चिखल तेवढा सगळ्यांच्या अंगावर उडाला. सूर्य बाभळींवर टेकला होता.

तेवढ्यात मागून एसटी खडखडत आली. उंच चाकांवर ती बाजूनं नाला उतरून पार झाली आणि पलीकडे थांबली. कंडक्टरनं हाक दिली, "शेटजी, येता का?"

हीराबाईनं सासूचा हात धरला. अंगुरीबाई हलेना.

"मी पोराच्या गाडीनं आली, पोराच्याच गाडीनं जाईन. नाही निघाली तं उद्या पिईन पाणी."

बसच्या खिडक्यांतून मंगरूळपीरची ओळखीची तोंडं डोकावत होती. कैलासचंदला कळलं, माय आपली लाज राखून राह्यली. चारचौघांत लेकाचं हसं होऊ नये म्हणून ही बाई तहानेनं मरायला तयार झाली!

"चुलीत गेली ती गाडी!" तो ओरडला. सगळ्यांदेखत त्यानं आईला उचललं, चिखल तुडवत नेलं आणि बसमध्ये बसवलं. इस्माईल बैलजोडी शोधायला गावाकडे निघाला.

अंगुरीबाईनं दर्शन घेऊन उकळलेल्या पाण्याची वाटी तोंडाला लावली, तेव्हा कळसावर थोडं ऊन होतं.

"माय, गाडी विकली समज," कैलासचंद म्हणाला.

"विक बाबा. हीरा काही खोटं नाही सांगत." तिनं आणखी एक घोट घेतला. "पण उद्या मले तिच्यातच घरी ने. आता घसा ओला हाय, जिवाले घोर नाही. अन् इस्माईलले सांगून ठेव, मोकळी सडक लागली का दाबून सोड म्हणा."