ऋषीचं अळू

“आई, थांबा! ती पानं बाजारात नका नेऊ!” सीमा वाडीच्या फाटकातूनच ओरडली.

अनसूयेचा विळा हातातच राहिला. सून प्रयोगशाळेत नोकरीला. ओहोळाचं पाणी हल्ली कधी जांभळं, कधी पिवळं येतं म्हणून तिनं पाणी आणि चार पानं तपासायला नेली होती.

“शिसं निघालं. पाण्यातही, पानांतही. वरच्या अंगाला ते रंगाच्या कारखान्यांचे गाळे झालेत ना, सगळं ओहोळातच सोडतात मेले.”

“चिंच जरा जास्त घातली तर?”

“चिंचेनं खाज जाते, आई. शिसं कितीही शिजवलं तरी जात नाही.”

उमेळ्यातल्या या वाडीत अळूला कधी वेगळं पाणी घालावंच लागलं नाही. ओहोळाचा पाट वळवला की पानं ही एवढाली! सासूनं तेच केलं, अनसूयेनंही तेच.

तिचा नवरा काशिनाथ बांधावरून म्हणाला, “अगं, पान बघ कसं झकास आहे. परवा ऋषिपंचमी. कोणाला कळणार आहे?”

“मला कळलंय ना!” अनसूया कडाडली आणि तिनं पहिला गड्डा मुळासकट उपटला.

काशिनाथ थोडा वेळ पुटपुटत राहिला. मग फावडं घेऊन त्यानं पाटाचं तोंड मातीनं बुजवलं. उपटलेलं अळू गुरांना नाही, खताला नाही. गोणीत भरून ठेवलं. गाळ्यांची तक्रार सीमानं त्याच दिवशी केली. पण तक्रारीवर कोणी हलेपर्यंत माणसं जेवायची थोडीच थांबतात! दुसऱ्या दिवशी अनसूया रिकाम्या हातांनी माणिकपूरच्या बाजारात आपल्या जागेवर जाऊन बसली.

पापडी गावच्या रखमाबाई आल्याच. ऋषीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं चालत नाही, म्हणून त्या दरवर्षी अनसूयेच्या परसातलंच अळू न्यायच्या.

“हे काय गं, संपलं एवढ्यात?”

“उपटून टाकलं, काकी. पाण्यात विष आहे.” अनसूयेनं सगळं सांगितलं.

रखमाबाईंचा चेहरा उतरला. “आणि मागच्या वर्षीचं? आमची सलोनी पोटुशी होती तेव्हा. दोनदा मागून घेतलं पोरीनं.”

‘तेव्हा पाणी चांगलं होतं,’ एवढं म्हटलं असतं तर निभावलं असतं. फार जीव होता अनसूयेचा या बाईवर.

“गाळे तेव्हाही होते, पाणी तेच होतं, काकी. पोरीचं नि बाळाचं रक्त तपासून घ्या. कुठे ते सीमा सांगेल, मी घेऊन जाते तुम्हाला.”

रखमाबाईंनी पिशवीची घडी केली, काखेत मारली आणि निघून गेल्या. अनसूया त्या दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिली.

“मावशी, ऋषीला अळू आहे का?” समोर एक तरुण बाई उभी होती.

अनसूयेनं पदरानं डोळे पुसले.

“नाही गं बाई. जरा बस, का नाही ते ऐकून जा.”