उरलेला एक घोट

आताशा राजा म्हणजे काय हो? पुलाची फीत कापायची, सज्जातून हात हलवायचा आणि सरकार धाडेल त्या कागदावर सही ठोकायची. या राजांनी उभी हयात तेच केलं. कागद वाचून तरी काय दिवे लावणार होते? नाही म्हणायची सोयच नव्हती.

त्यांची सत्ता उरली होती ती जेवणाच्या टेबलापुरती. राजांनी चमचा खाली ठेवल्याशिवाय कुणी उठायचं नाही, असा जुना रिवाज. राणीसाहेब गेल्यापासून घरचं म्हणावं असं एकच माणूस, धाकटी बहीण. ती वर्षातून एकदा जेवायला यायची. मग राजे वाडग्यात सूपचा एक घोट मुद्दाम ठेवायचे आणि तो ढवळत बसायचे. ती आपली बोलत राहायची, नातवाचं दुखणं, गळका नळ, शेजारणीचं कुत्रं. म्हाताऱ्याला त्यावर वर्ष काढायचं असायचं.

यंदा ती यायची त्याच सकाळी सचिवांनी सह्यांचा गठ्ठा पुढे केला. "जुने दरबारी रिवाज रद्द करायचेत, महाराज. लोक हसतात."

राजांचं चित्त कुठलं ठिकाणावर! टेबलावर फुलं कुठली ठेवायची, हे चाललेलं डोक्यात. केली सही.

संध्याकाळी सूप संपत आलं, एक घोट उरला, चमचा फिरू लागला. आणि बहीण पर्स घेऊन सरळ उठली.

"अगं, माझं व्हायचंय अजून!"

"आता तो नियम नाही, दादा. दुपारी बातम्यांत सांगितलं. बरं केलंस बाई! तुझं ते ढवळणं बघून जीव मेटाकुटीला यायचा. चल, बस चुकेल माझी."

राजांनी चमचा तसाच हातात धरून ठेवला. नुसतं थांब म्हणायचं होतं. पण जन्मात कधी कुणाला तसं म्हणावं लागलं नव्हतं, लोक आपसूक थांबायचे.

"नळ... दुरुस्त झाला का?"

"अरे, मघाशीच नाही का सांगितलं?" ती हसली, त्यांच्या खांद्यावर थोपटून म्हणाली, "जप हो," आणि गेली.

दार लागलं, पावलं जिन्यावरून उतरली, तेव्हा कुठे राजांच्या तोंडून शब्द फुटला.

"थांब."

मागे ताटल्या उचलून निघालेला म्हातारा खानसामा जागच्या जागी उभा राहिला. त्याला जा म्हणायला राजांची जीभ रेटेना.